निळी पट्टी

नवरा गेल्यावर लीड्समध्ये माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी उरलं नाही. मुलगा एडिनबराला. त्याचा फोन रविवारी येतो, तोही गाडी चालवताना. म्हणून जयंतीला मी न चुकता जाते. भाड्याच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसायचं, लोक ‘जय भीम, आंटी’ म्हणत पुढे सरकणार, मी जेवून बसने घरी येणार. चारशे माणसांत बसून घशाला कोरड पडावी, पण बोलून नव्हे, गप्प राहून.

या वर्षी दारातच आयोजकांपैकी एका मुलीने अडवलं. जन्माने इथलीच. “आंटी, आमचा एक व्हॉलंटिअर सिक आहे. तुमची हेल्प पाहिजे,” म्हणाली, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत दंडावर निळी पट्टी चढवलीसुद्धा.

दंडावर पट्टी असली की माणसाला वजन येतं, हे मी इथे कायम बघत आले. फुटबॉलचा कॅप्टन असो की शर्यतीच्या रस्त्यावर उभं राहून पाणी वाटणारा. कुणी वारलं की खेळाडू काळी पट्टी बांधतात. नवरा गेला तेव्हा मलाही वाटलं होतं, तशीच एक बांधून दुकानात जावं, म्हणजे निदान काउंटरवरची बाई तरी विचारेल, काय झालं म्हणून. पण आपल्यात कुठे तसं असतं? राहिलंच ते.

त्या दिवशी मात्र लोक आपणहून माझ्याकडे येत होते. टॉयलेट कुठे, पार्किंगचं तिकीट लागतं का, कमी तिखट काही आहे का. निम्म्या गोष्टी मलाही ठाऊक नव्हत्या, तरी दिलं ठोकून. एका तरुण आईने तर ‘दोन मिनिटं धराल का?’ म्हणत आपली तान्ही मुलगी माझ्या हातात दिली आणि टॉयलेटला गेली. ओळख ना पाळख. मुलीने माझा चष्मा ओढला, गालाला लाळ लावली, मग खांद्यावर डोकं टाकून पडून राहिली. कुणी असा भार टाकून कितीतरी वर्षं झाली होती.

संध्याकाळी त्या आयोजक मुलीने सगळ्या पट्ट्या गोळा करून पिशवीत भरल्या. मी कोट-टोपी चढवून बाहेर पडले. कार पार्कमध्ये तीच आई, मुलगी कडेवर, एका हाताने बाबागाडी मिटवायची खटपट चाललेली. मी पुढे होऊन म्हटलं, “द्या इकडे, मी धरते.”

तिने मुलीला घट्ट आवळलं आणि मागे सरकली. “नो नो, इट्स फाइन.” तिने मला ओळखलंच नव्हतं.

माझा आवाज ऐकून मुलगी मात्र वळली आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडे झेपावली. आई ओशाळून हसली.

“सॉरी हं आंटी. ही ना, कोणाकडे पण जाते.”

मी पुढे केलेले हात कोटाच्या खिशात घातले.