तिचा पास, माझी पास

पास हा शब्द आमच्या घरात आधी मी आणला. हे मी आजही ठणकावून सांगेन. स्वातंत्र्य मिळालं त्या साली मी सातवी फायनल पास झाले. धुळ्याजवळच्या आमच्या गावात तोवर एकही पोरगी सातवी पास झाली नव्हती. वडिलांनी घरोघर गूळ वाटला. धाकट्या बहिणीनं चौथीतच शाळा सोडलेली, तिला तो शब्द नीट म्हणताही येत नव्हता. "फास" म्हणायची मेली!

मग मला पाहायला चाळीसगावची मंडळी आली. मुलगा रेल्वेत. मी पाटावर बसलेली, वडील माझ्या सातवीचं कौतुक सांगताहेत, आणि पाण्याचे तांबे घेऊन आली धाकटी. मुलाच्या आत्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "धाकली पास शे." झालं! ना पेपर, ना परीक्षा, आणि ही पास! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण पाटावरून उठायचं कसं, तशीच बसून राहिले.

धाकटी त्या रेल्वेवाल्याच्या घरी गेली, आणि पुढे मला सोनगीरला दिलं. घर चांगलं, कपाशीची शेती, नवरा अबोल. नवी नवरी असताना एकदा हे शेतावर निघताना म्हणाले, "जरा पास लई ये." मी धावत जाऊन ट्रंकेतून माझं सर्टिफिकेट काढून आणलं! सासूबाई हसून हसून बेजार. ह्यांना हवी होती वखराची पास, जमिनीतून ओढतात ते लोखंडी पातं. सातवी शिकून मला तेवढंही ठाऊक नव्हतं.

तिकडे बहिणीला रेल्वेचा पास. फुकट! ती नागपूर पाहून आली, जबलपूर पाहून आली, आणि दर खेपेला सोनगीरला येऊन तेच पुराण. "अक्का, पास आहे म्हणून गेलो गं, नाहीतर कोण जातं एवढ्या लांब!" मी बोंडं वेचायची आणि तिनं गाव बघत फिरायचं. तिचा तो पास, माझी ती पास. जळत होते मी, सरळ सांगते. ती लुगडं सावरून बसली तरी मला वाटायचं, मुद्दाम दाखवतेय.

एका उन्हाळ्यात ती आली ती कलकत्त्याला जायची बातमी घेऊनच. मला राहवेना. "मलाही ने की," मी म्हटलं, "घाल माझं नाव पासावर."

ती फिदीफिदी हसली. "बायकोची बहीण चालत नाही गं. ह्यांची विधवा बहीण असली तर चालते. पूस कुंकू आणि चल!"

मी काही बोलणार तोच ओट्यावरून आमच्या ह्यांचा आवाज आला. "जाय ना. कुंकू पुसं तं काय मी मरी जासू?"

बहिणीचं हसू तोंडातच राहिलं. "काय हे अभद्र बोलणं!" मी ओरडले. मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते हसत नव्हते. हातातला दोर खाली ठेवून ते दारात आले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "तुनं मन कधीनं तठेच शे, चाळीसगावले. माले काय समजस नही?"

"नाही हो" म्हणायला मी तोंड उघडलं, आणि निघालं ते, "जेवायला वाढते."