बोटिंगच्या तळ्यातली वस्ती

तळं बांधणाऱ्यांना हारतुरे मिळतात, मोडणाऱ्यांना किस्से! ऐंशीच्या दशकात बेलापूरजवळचं बोटिंगचं तळं मोडून आम्ही तिथे पुन्हा खाडीचं पाणी आणलं. मी तेव्हा ओव्हरसियर. ते आठवलं की आजही हुश्श होतं!

*

खाडीला बांध घालून तळं केलं आमच्याच साहेबांनी. उद्घाटनाच्या भाषणात टाळ्या थांबेनात. साहेब खूश!

खाली उतरल्यावर कळलं, लोक डास मारत होते.

*

दोन वर्षांत तळं हिरवं पडलं, वास सुटला. वरून ऑर्डर आली: बांध फोडा. पण अट होती. दिवाळीपर्यंत तिथे काही जिवंत दिसलं नाही, तर मुरूम टाकून प्लॉट पाडायचे.

शेजारच्या गावचे धर्माबाबा हे ऐकून मटकन बसले. त्यांचं घर याच खाडीच्या मासळीवर चालायचं. बांध घातल्यापासून जाळं खुंटीला टांगलेलं.

*

बांध भरतीच्या वेळी फोडायचा होता. बाबांनी हिशेब सांगितला, "तिथीची पाऊनपट करा, भरतीची येल मिलंल."

साहेबांनी पाऊणपट केली, पण इंग्रजी तारखेची! बारा तारीख, म्हणून नऊ वाजता आख्खं ऑफिस नारळ घेऊन हजर. समोर ओहोटीचा नुसता चिखल.

बाबा म्हणाले, "सायेब, चंद्र तुमच्या हापिसान नोकरीला नाय!"

*

शेवटी बाबांच्या वेळेला बांध फोडला. मग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांची रोपं लावली. आमचा माळी साताऱ्याचा, फार मायाळू. भर भरतीत, गुडघाभर पाण्यात उभा राहून झारीने रोपांना पाणी घालत होता!

"माशाला पवायला पन शिकव," बाबा म्हणाले.

*

दिवाळीच्या तोंडावर साहेब इन्स्पेक्शनला आले. पॉलिश केलेले बूट उरलेल्या बांधावर काढून अनवाणी चिखलात उतरले. रोपं सगळी जळालेली.

"काही नाही इथे," साहेब परत येऊन म्हणाले. "उद्यापासून मुरूम टाका." बाबा बांधावरच उभे होते.

साहेबांनी बुटात पाय घातला आणि बोंबललेच! अंगठ्याला ही एवढी खाडीची खेकडी, चिंबोरी, लटकलेली. एका पायावर नाचत ओरडले, "बाबा, काढा हो हिला!"

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"काडतो की. पन आदी सांगा सायेब, जित्ती हाय का मेलेली?"

"जिवंत! जिवंत आहे! लिहून देतो!"