विष्णूची अर्धी गोष्ट

विष्णू गेल्याचं सांगायला बँकेतले दोघे दारात आले, तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलीच होते. आदल्या दिवशी इस्पितळात नेलेली पेज त्याने तोंडाला लावली नव्हती. आज पुन्हा स्टोव्हवर पेज ठेवून मी एकटीच बडबडत होते, की आज नाही प्यायलास तर डब्यासकट डोक्यावर ओतीन. दोघांपैकी थोरल्याने टोपी काढली. मग विचारायचं काय राहिलं? स्टोव्ह बंद केला, पेज झाकली आणि चपला घालून निघताना, सवयीने, उंबऱ्यावर क्षणभर थांबले. पाठीवर थाप पडायची वाट बघत. ती पडली नाही, तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

विष्णू माझा धाकटा भाऊ. रत्नागिरीत बहुतेकांना तो बँकेच्या दारातला बंदूकवाला म्हणूनच ठाऊक. लंगडत चालणारा, म्हाताऱ्या पेन्शनवाल्यांना हात धरून पायरी चढवणारा. त्याआधी तो पलटणीत होता हे काहींना माहीत असेल, पण कसल्या पलटणीत, ते नाही. आमच्याकडची मुलं मुंबईला गिरणीत जायची, नाहीतर बोटीवर. हा लष्करात गेला, आणि तिथेही जमिनीवरून सरळ चालायचं सोडून विमानातून उड्या मारणाऱ्यांत शिरला. आग्र्याहून त्याचं तसं पत्र आलं तेव्हा आमच्या आईने कपाळावर हात मारला. "मेल्याला आंब्यावरून धड उतरता येत नाही, आभाळातून काय उतरणार!" मी पत्र लिहायला बसले की मागून सांगायची, "त्याला लिही, खाली बघून उडी मार म्हणावं."

ती थाप तिथलीच. विमानात उडी मारायच्या आधी सगळे एका रांगेत उभे राहतात. स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही, म्हणून प्रत्येकाने पुढच्याच्या पाठीवरची हवाई छत्री बघायची. पट्टा ओढायचा, बक्कल तपासायचं, आणि सगळं ठीक असलं की खांद्याखाली एक थाप मारून 'ओके' म्हणायचं. शेवटच्याच्या मागे कुणी नसतं. त्याने वळायचं, त्याच्या पुढच्याने त्याची पाठ बघायची. विष्णू हे सगळं घरी घेऊन आला. घरातून कुणीही निघालं, की हा मागे हजर. पदर सारखा कर, पिशवीचा बंद बघ, आणि थाप. "ओके." भाची सासरी निघाली, तिच्या शालूवर थाप! मी ओरडायचे, "अरे, मी मंडईत निघालेय, लढाईवर नाही." तो म्हणायचा, "आक्का, पाठ ती पाठच."

एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या विमानात आपल्या जिल्ह्यातले चौघे होते. विष्णू, जयगडचा कासम, सावर्ड्याचा सखाराम आणि सर्वांत धाकटा, वेळणेश्वरचा गोविंद. रांगेत विष्णू शेवटचा आणि त्याच्यापुढे गोविंद. म्हणजे गोविंदची पाठ विष्णूने बघितली आणि विष्णूची गोविंदने. संध्याकाळी उड्या पडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, एका पुलाजवळच्या चकमकीत, गोविंद गेला. तिघे परत आले. विष्णू पाय मोडून घेऊन आला.

नोकरीतून सुटून घरी आल्यावर या तिघांनी एक नेम धरला. दर मार्गशीर्षात वेळणेश्वरला गोविंदच्या आईकडे जायचं, पडवीत बसायचं आणि त्या उडीची गोष्ट तिला सांगायची. सगळे तिला आये म्हणत. घरात ती एकटी, लेक लग्न होऊन गेलेली. कासम जयगडच्या धक्क्यावरून ताजे बांगडे घ्यायचा (सोमवार-गुरुवार टाळून दिवस ठरवायचे, इतकं सोवळं त्यालाही पाठ होतं), सखाराम आपल्या भातगिरणीतले नवे तांदूळ आणायचा, आणि आमचे बंधू नारळ. ती रांधायची, हे सांगायचे, मग जेवायचे. काही वर्षं असं चाललं, आणि एका वर्षी सखारामने अंग काढून घेतलं. आमच्याच घरात बसून तो म्हणाला, "विष्णू, पुरे झालं आता. म्हातारीच्या जखमेची खपली दर वर्षी काढायला जायचं, हे काय पुण्याचं काम? मी नाही येणार." मी चहा देत होते, मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सखारामभाऊ बोलतात ते खरं आहे." विष्णूने त्या दिवशी चहा घेतला नाही.

पुढे त्याचा पाय इतका दुखायला लागला की होडीत चढता येईना, म्हणून हमाल म्हणून मी त्याच्याबरोबर जायला लागले. जयगडपर्यंत एस.टी., मग खाडी ओलांडून तवसाळ आणि तिथून जे मिळेल त्याने. पहिल्याच खेपेला ती गोष्ट मी कानांनी ऐकली. विष्णू एरवी चार शब्दांच्या पुढे जात नसे, पण तिथे पडवीत बसून असा सांगत होता, की मलाच नवल वाटलं. विमानाचा दरवाजा, वारा, गोविंदच्या पाठीवरची थाप, सगळं. आये पाय पसरून बसून ऐकत होती. गोविंद खाली आला तो नेमका एका तळ्यात. कमरेएवढ्या चिखलातून वर आला आणि अंधारात दात काढून म्हणाला, "च्यायला, वेळणेश्वराहून एवढ्या लांब आलो, तरी पाण्यातच पडलो!" इथे आये हसली. अगदी पोट धरून. दर वर्षी हसायची म्हणे. मग विष्णू म्हणाला, "सकाळी आम्ही पुलाकडे निघालो..." आणि आये उठली. "भात करपंल रं बाला," म्हणून आत गेली ती पानं वाढायलाच बाहेर आली. गोष्ट तिथेच राहिली. कासम खाली बघत होता. विष्णूचे हात थरथरत होते.

परतताना होडीत मी त्याला फैलावर घेतलं. "बघितलंस ना? तिला ऐकवत नाही. उठून जाते बिचारी. सखाराम म्हणाला ते खोटं होतं का?" खाडीचं पाणी अगदी शांत होतं, होडीवाला आमच्याकडे न बघता वल्हं मारत होता. मग विष्णू म्हणाला, "आक्का, दर वर्षी ती तिथेच उठते. दर वर्षी मी अर्धी गोष्ट पोटात घेऊन परत येतो. त्याचा शेवट मी एकट्याने बघितलाय गो. कासम-सखाराम लांब होते. ते तिचं आहे, माझं नाही... तिला दिल्याशिवाय मी सुटणार नाही." त्याला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी फटकळ बाई, सगळी आळी जाणते. पण त्या दिवशी त्याच्या पिशवीचा बंद उगीचच घट्ट करत राहिले.

दिवाळीनंतर तो आजारी पडला तो उठलाच नाही. इस्पितळात त्याला स्वतःची फिकीर नव्हती. डॉक्टर काय म्हणाले हेही विचारत नसे. एकच धोशा, "आक्का, मार्गशीर्ष आला. आयेला शेवट कोण सांगणार?" मी म्हणायचे, तूच सांगशील, आधी पेज पी. शेवटी जायच्या आदल्या दिवशी त्याने पेज बाजूला सारली आणि म्हणाला, "तू ऐकून ठेव." आणि सांगितलं. गोविंद पुलाजवळ कसा पडला, विष्णू त्याच्यापर्यंत कसा पोहोचला, गोविंद काय बोलला. सगळं, अगदी सावकाश. सांगून झाल्यावर त्याचा चेहरा असा मोकळा झाला की मला वाटलं आता हा बरा होणार. वेडी मी.

तेराव्याला कासम आणि सखाराम दोघेही आले होते. मी कुणाला काही सुचवलं नाही. कासमने जाताना एवढंच विचारलं, "आक्का, वेळणेश्वरला जाऊया ना?" ठरल्या दिवशी विष्णूची खाकी कॅनव्हासची पिशवी खांद्याला लावून मी जयगडला उतरले, तर धक्क्यावर कासमशेजारी सखाराम उभा. पायाशी तांदळाचं गाठोडं. सावर्ड्याहून वेळणेश्वरला यायची ही वाट नव्हे, चिपळूण-गुहागरकडून सरळ येता येतं. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "एकट्याने तिच्या दारात उभं राहायचं धाडस नव्हतं, आक्का." एवढा मोठा गिरणीवाला, पण शाळेला दांडी मारलेल्या पोरासारखा उभा होता.

आये पडवीतच होती. सत्तरीला आलेली, डोळ्यांनी अधू. आमच्या पावलांवरून तिने ओळखलं. "इष्नूचा पाय नाय वाजला तो?" मीच तिच्याजवळ बसले, हात धरला आणि सांगितलं. ती रडली नाही. माझा हात कुरवाळत बसली, मग उठून चुलीवर भाताचं आधण ठेवून आली आणि म्हणाली, "सांगा गोष्ट." कासमने सांगितली. विष्णूसारखी नाही जमली त्याला, पण सांगितली. तळ्याशी ती हसली, तितकीच. मग कासम म्हणाला, "सकाळी..." आणि ती भिंतीला हात लावून उठायला लागली. मी पुढे होऊन तिला धरलं. "बस गो आये. शेवट विष्णूने माझ्याकडे दिलाय. तुला द्यायला सांगितलंय त्याने. आज भात करपला तरी चालेल."

"नको सांगूस," ती म्हणाली. "माझा पोर मेला त्ये काय मला ठाव नाय? सरकारचा कागद आला व्हता. पन त्याचा शेवट सांगून झाला की गोष्ट सरली. गोष्ट सरली की मानसं उठून जातात बाय, परत कशाला येतील? माझा येक गेला, तर वरसाचं तिघं जेवाय यायला लागलं... म्हनून मी भाताला उठायचे. माझा भात कंदी करपला नाय." मग सखारामच्या दिशेने मान वळवून म्हणाली, "आनि ह्यो मेला सखाराम! गोष्ट सरली नाय, तरी यायचा ऱ्हायलाच!" सखाराम गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. मोठ्याने, लाज सोडून.

खरं सांगते, मला क्षणभर तिचा संतापच आला. माझा भाऊ इतकी वर्षं जळत राहिला आणि हिने त्याला जळू दिलं! मी म्हटलंच तिला, "आये, तो बिचारा झुरत होता गो. गोष्ट पुरी व्हावी म्हणून तडफडत गेला." ती म्हणाली, "ठाव हाय मला. त्याचे हात कापायचे त्ये कळत व्हतं. म्हनून तर त्याला दोनदा भात वाढायचे." मलाही आठवलं, घरी चार घासांवर उठणारा विष्णू तिथे दुसऱ्यांदा भात घ्यायचा, आणि येताना होडीत हमखास डुलकी काढायचा. पुढच्या मार्गशीर्षापर्यंत जगायला त्यालाही तेवढं पुरत असेल. दोघं एकमेकांना धरून होती, आणि आम्ही शहाणे मध्येच खपल्यांच्या गोष्टी करत होतो.

पानं वाढली. उकडा भात, बांगड्याचं तिखलं. आयेने मला न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला. मी खाल्ला. निघताना तिने एवढंच विचारलं, "तू येशील ना फुडल्या वरसाला? मग त्यो शेवट तुज्याकडंच ऱ्हावदे."

तवसाळला होडीत चढायला आम्ही एकामागे एक उभे राहिलो. पुढे कासम, मग सखाराम, मग मी. सखारामने कासमच्या पाठीवर हात ठेवला, नुसता, आणि थांबला. मग मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "आक्का, तुम्ही शेवटच्या. वळा." वळले. भर धक्क्यावर, माणसं बघत असताना. त्याने पिशवीचा पट्टा ओढून बघितला, बक्कल सारखं केलं, आणि खांद्याखाली थाप मारली. "ओके." माझ्या डोळ्यांना धार लागली होती, पण पाठमोरी होते ते बरं झालं.

गोविंदचा शेवट मला माहीत आहे. हे पेपरात छापून येणार, म्हणून तो इथे लिहीत नाही. आयेला वाचता येत नसलं तरी वेळणेश्वरात पेपर वाचणारे आहेत, आणि तोंडाला कुलूप कुणाच्याच नसतं. विष्णूची खाकी पिशवी दाराशी खुंटीला आहे. पुढच्या मार्गशीर्षात तिच्यात नारळ भरायचे, आणि तो शेवट न्यायचा. तळ्यापर्यंत सांगायचं, आये भाताला उठली की गप्प बसायचं, दोनदा भात घ्यायचा आणि शेवट जसाच्या तसा घरी परत आणायचा.