डावीकडची चप्पल

आमच्या पेठेत फुटबॉलचा वाद चपलांवर रंगतो. काल संध्याकाळी तालमीच्या पायरीसमोर दहा-अकरा जणांनी एकेक चप्पल काढून आमची टीम मांडली होती. विषय होता, पलीकडच्या पेठेचा नवा कोच. नवा कसला, आमचेच तात्या. पंधरा वर्षं आम्हाला शिकवून परवा तिकडं गेलेले.

"टीम कच्ची आहे त्यांची. तात्या करून करून काय करणार?" कुणीतरी म्हणालं.

"आपलं सगळं माहीत आहे की त्यांना. डावीकडनंच घुसणार, बघ," पानपट्टीवाल्या दत्तानं अंगठ्यानं डावीकडची चप्पल बाजूला सारली.

तासभर भांडणाऱ्यांपैकी यावर मात्र कुणीच वाद घातला नाही. सगळ्यांना पटलं होतं.

डावीकडं मी खेळतो. चप्पलही माझीच होती.

"तुझ्या बाजूची मला काळजी नाही," तात्या प्रत्येक मॅचआधी म्हणायचे आणि एक जादा गडी माझ्या मागं उभा करायचे. मी तो माझा मान समजत होतो.

तात्या गेले, याचा राग होताच. पण आपलं उणं ज्यानं मायेनं झाकलं, तोच ते नेमकं ओळखून असतो. माया इथं सोडून जाता येते. ओळख बरोबर जाते.

मी चप्पल पायात सरकवली आणि निघालो.

"अरे, डावीकडं कोण आता?" मागून कुणी विचारलं.

"राहू दे मोकळंच," दत्ता म्हणाला. "काय फरक पडतोय?"