चुका असतील तर सांभाळून घ्या

माझी बायको पुण्याची, आणि त्यात रशियनची एम.ए. आखातातल्या अल अमेरात गावात या पदवीचं काय लोणचं घालायचं, हे आमच्या मित्रमंडळींना कधी कळलं नाही. "वहिनी, इथे काय उंटांना रशियन शिकवणार?" असं एकाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "उंटांना लगेच जमेल भावजी, मला काळजी तुमची आहे."

२०१४ साली युक्रेनमधल्या लढाईच्या बातम्या येऊ लागल्या आणि ती लॅपटॉपला चिकटली. तिकडच्या एका शहरातल्या आयांचा ऑनलाइन फोरम तिला सापडला होता. मुलांचा खोकला, शाळेचे प्रवेश, बिटाचं सूप असले विषय. कोण रशियनमध्ये लिहितं, कोण युक्रेनियनमध्ये आणि कधीपासून, ते ती रंगांनी मांडायची. रशियन केशरी, युक्रेनियन निळं. तिला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा कुणी पगारही देत नव्हतं. एखाद्या बाईचा केशरी रंग हळूहळू निळा होऊ लागला की ती मला हाताला धरून दाखवायला आणायची. मला त्यातलं अक्षर कळत नसे, पण तिचा इतका अभिमान वाटायचा की ऑफिसात उगाच सांगत सुटायचो.

घरातलं दुखणं वेगळंच होतं. आमची बारा वर्षांची लेक मालवणला माझ्या आईशी फोनवर बोलेना. शाळेत दिवसभर इंग्रजी, आणि घरी मराठीत तोंड उघडलं की तिची आई पहिलंच वाक्य सुधारायची. पाहुणे हसायचे ते वेगळंच. माझी आईही "बरी आसस मां?" एवढं विचारून थांबायची. आई थकत चालली होती. नात तिला परकीच राहणार, या विचाराने माझा जीव तुटायचा.

एका शुक्रवारी बायकोने हाक मारली. लेक शेजारीच गृहपाठ करत होती. "अरे, हे बघ. जन्मभर रशियन बोललेल्या बायका पहिल्यांदा युक्रेनियनमध्ये लिहितात, तेव्हा आधी म्हणतात, चुका असतील तर सांभाळून घ्या. आणि खाली कुणी चूक काढतच नाही! खोकल्याचं विचारलं तर फक्त खोकल्याचं सांगतात." मग म्हणाली, "पुण्यात सोडलं असतं का रे कुणी?"

"पुणं लांब राहिलं," मी म्हटलं.

त्या दिवसापासून घरात मराठी सुधारणं बंद झालं. पुणेकराला हे केवढं कठीण! ओठ चावून बसायची बिचारी. जेवायला आलेल्या मित्राने लेकीला चिडवलं, तर म्हणाली, "भावजी, खलास, पुरे आता. आमटी वाढू?"

काही आठवड्यांनी लेकीने आपणहून फोन घेतला. स्पीकर चालू होता.

"आजी, माझा मराठी चांगला नाही. चुका असेल तर सांभाळून घे."

पलीकडून आईचा आवाज आला, "अगो, तुज्या आवशीसारख्या पुणेरी माका तरी खंय बोलूक येता? म्हणान तर मी पण गप ऱ्हवतंय. तू बोल गो बाय, माका सगळा कळता."

बायको उठून फोनजवळ आली. सासू आपल्याशी चार शब्दांवर बोलत नाही, याचं तिला लग्नापासून वाईट वाटत आलं होतं. तिने लेकीच्या हातातून फोन घेतला.

"आई, माका मालवणी येत नाय. चुकला तर सांभाळून घेवा."

आई हसली नाही. "फणस पिकलेत गो," म्हणाली, आणि कितीतरी वेळ फणसांबद्दलच बोलत राहिली.