मळीत घातलेला पंखा

मे महिन्यातला दुसरा रविवार. काम एकच: बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी संस्थेला तिथल्या तलावात वापरायला दिलेली आमची बोट टेम्पोत घालून दापोलीला परत आणणे. यजमानांची कंबर धरलेली, म्हणून पहाटे टेम्पोवाल्याला घेऊन मीच निघाले. दुसरी बोट गेल्या वर्षी विकली. आता हीच एक उरली आहे, आणि दिवाळीत ती खाडीत उतरली नाही तर आमचा पर्यटकांचा हंगाम गेला.

बीड सोडून वडवणीच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन कलत होतं. दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी रानं आणि मध्ये पाण्याचे टँकर. गावाच्या अलीकडे तलाव लागला. तलाव म्हणजे भेगा पडलेलं मैदान. त्यात शेळ्या चरत होत्या. काठावर बाभळीखाली उसाच्या पाचटाने शाकारलेला मांडव घातला होता, आणि मांडवात आमची बोट. पांढरीशुभ्र.

मी टेम्पोतून उतरले ती कपाळावर हात मारूनच.

संस्थेचे अध्यक्ष बप्पा (इकडे वडीलधाऱ्याला असं म्हणतात) संचालक मंडळासह हार घेऊन उभे होते.

"बघा ताई, नवरीवानी नटवलीया!"

"बप्पा, खालचा लाल रंग कुठे गेला?"

"खरवडून काढला की. हात लावला की लाल व्हायचा. लई कच्चा रंग व्हता तो. आता पक्का आइलपेंट हाय."

तो रंग कच्चाच असतो. खाऱ्या पाण्यात तो हळूहळू सुटत राहतो, म्हणून बोटीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले धरत नाहीत. ऑइलपेंटवर ते महिन्याभरात ठाण मांडतात. इंजिनाला जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो, खारं पाणी आधी त्याला खातं आणि बाकीचं इंजिन वाचतं. तोही दिसेना. विचारलं.

"ते ढेकूळ? उंदरानं कुरतडल्यावानी झालं व्हतं. बरं दिसंना, म्हनून काढून टाकलं."

"मी फोनवर काय सांगितलं होतं? कशालाही हात लावू नका!"

"आवो, पाव्हण्याची वस्तू. तशीच कशी द्यायची?"

मग मी इंजिनाचा पंखा, पाण्यात फिरून बोट पुढे ढकलतो तो, कुठे आहे ते विचारलं. सगळे एकमेकांकडे बघून हसले. आता खरी करामत दाखवायची होती.

"मळीत!"

मळी म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा चिकट पाक. ऊसतोडीच्या गाड्यांचे गंजलेले साखळदंड इथे पाणी घातलेल्या मळीत बुडवून ठेवतात. गंज सुटून लोखंड लख्ख निघतं. मला दाखवायला त्यांनी एक साखळी काढली. खरंच लख्ख होती. मग पिंपातून पंखा काढला. पात्यांच्या कडा झिजून गेल्या होत्या आणि अंगभर खड्डे पडले होते.

"आँ! ह्यो आसा कावून (का) झाला?"

"कारण तो लोखंडाचा नाही. अॅल्युमिनियमचा आहे. मळी त्याला खाते."

"पर गंज व्हता की वर. पांढरा."

"पांढरा गंज कधी बघितलात का, बप्पा?"

मागून एक संचालक म्हणाला, "बप्पालाच बुडवा मळीत. लख्ख निगतेल."

"तू गप बे! ठरावाला तूच अनुमोदन दिलंतं."

म्हणजे यावर रीतसर ठरावही झाला होता. सर्वानुमते. तलाव दोन वर्षं कोरडा, पण मंडळाची सभा दर महिन्याला, बोटीच्या सावलीत. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सगळे मिळून माझ्या बोटीची काळजी घेत होते. मी इतकी चिडले होते की चहा नको म्हणाले. इकडे तो मोठा अपमान असतो, हे नंतर कळलं.

रात्री बप्पांच्या घरी येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची) आणि भाकरी होती. आमटी इतकी चांगली होती की राग धरून ठेवणं जड गेलं. बप्पांच्या पत्नी अनसूयाबाई म्हणाल्या, "सकाळी टँकर येतो. आमच्या वाटच्या दोन घागरी घ्या पंखा धुवायला. तेवढं तरी होऊ द्या आमच्याकडनं."

सकाळी त्यांच्याबरोबर रांगेत उभी राहिले. दोन घागरी भरल्या आणि त्यांच्याच रांजणात ओतल्या. पंखा राखेनं पुसला आणि चिकट राहिला तसाच पोत्यात गुंडाळला.

बोट टेम्पोत चढवताना संचालक मंडळ हात लावत होतं. दोर बांधून झाल्यावर बप्पांनी विचारलं, "पाणी आलं की परत आनचाल न्हवं? बोट न्हाई तर संस्थेत ऱ्हायलं काय?"

"आधी पाणी येऊ द्या," मी म्हणाले. होही नाही, नाहीही नाही. घाट उतरेपर्यंत स्वतःवरच चिडले होते, साधं 'नाही' तोंडातून निघालं नाही म्हणून. पोत्यातल्या मुंग्या दापोलीपर्यंत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या पंख्यासाठी आणि जस्तासाठी दुकानदाराला फोन केला, पदर खोचला आणि पटाशी घेऊन बोटीखाली बसले. पाण्यात बुडतो तेवढा सगळा पांढरा रंग दुपारपर्यंत खरवडून काढला. दिवाळीला बोट उतरेल. वरच्या पट्ट्यावर त्यांनी लाल अक्षरांत, ओळ जराही वाकडी न होऊ देता, संस्थेचं नाव लिहिलं आहे, अगदी 'मर्यादित' पर्यंत. तिथे पटाशी लावली नाही. तेवढ्या उंचीवर शेवाळ धरत नाही.