तिस्ताची बांताय जेवायला गेली आहे

एकट्या राहणाऱ्या बाईला आमच्या गल्लीत लोक दोनच प्रश्न विचारतात. "घरात सोबतीला कोण?" आणि "भीती नाही वाटत?" तिसरा कुणी विचारत नाही, कारण विचारला तर स्वतःलाच सोबतीला जावं लागेल. मी लोकांना नावं ठेवत नाहीये. माझं दुकान तिच्या घराला लागून होतं, तेव्हा काय म्हणायचंय ते मलाच म्हणते आहे.

तिचं नाव तेओफिस्ता नुफाब्ले. सगळी गल्ली तिला मनांग तिस्ता म्हणायची. मनांग म्हणजे ताई. लग्न केलं नाही. भाऊ कॅनडात, बहीण जेद्दाहला कुणाची तरी मुलं सांभाळते. मागे आईबाप राहिले ते हिच्या वाट्याला आले. बाप छातीच्या दुखण्याने गेला, आई पाच वर्षं अंथरुणात होती. दोघांचं करता करता ही अठ्ठावन्न वर्षांची झाली आणि मग घरात ती आणि रेडिओ उरले.

एकटीचा संसार म्हणजे काय ते मी दुकानाच्या खिडकीतून पाहिलंय. एकाच माणसाचा भात नीट होत नाही, तळाला लागतो. म्हणून ती सकाळी वाटीभर जास्त शिजवायची आणि रात्रीपर्यंत तोच खायची. परसातला फणस कापायची नाही. "एकटीने फणस कापला तर आठवडाभर फणसच खावा लागतो," म्हणायची. दारात बापाच्या जुन्या चपला ठेवायची, चोराला वाटावं घरात पुरुष आहे. त्या चपला ती शनिवारी धुवायची आणि जागा बदलून ठेवायची. रविवारी चर्चला निघताना दुकानापाशी येऊन पाठ फिरवायची. "इंदाय, ओढ गं," म्हणायची. धाकट्या बाईला आमच्यात लाडाने इंदाय म्हणतात. पाठीची चेन तिच्या हाताला पोचायची नाही. मी गिऱ्हाईक करता करता एका हाताने ओढायची. एका रविवारी ती आली नाही. मग कळलं, तिने सगळ्या झग्यांच्या चेनी उसवून कुशीला लावून घेतल्या होत्या. मला हायसं वाटलं होतं, तेव्हा.

आमच्या सरकारी इस्पितळात रोगी एकटा चालत नाही. त्याच्याबरोबर एक माणूस लागतं, त्याला बांताय म्हणतात. औषधं आणायची, रक्त आणायला धावायचं, वारा घालायचा, भांडं द्यायचं, रात्री खाटेखाली पुठ्ठा अंथरून झोपायचं, हे सगळं बांतायचं काम. नर्सबाई कॉरिडॉरच्या टोकाहून ओरडते, "अमक्याची बांताय!" आणि त्या माणसाने असेल तसं धावायचं. मनांग तिस्ता अख्ख्या गल्लीची बांताय होती. माझ्या थोरल्याच्या वेळी नवरा जहाजावर, सासूचे गुडघे धरलेले. तीन दिवस तिस्ताच माझ्या खाटेखाली झोपली. मला वारा घालता घालता तिचा हात सुजला होता. पण गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण आमच्यासाठीच केलेली असावी.

गेल्या वर्षी गावच्या संताच्या सणाच्या आधी ती तुरीचे दाणे, फणस आणि डुकराचं मांस घातलेला रस्सा घेऊन आली. एकटीने फणस कापला होता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"इंदाय, सोमवार-मंगळवार दुकानाला गर्दी असते का गं?"

"आता सण तोंडावर आलाय मनांग, श्वास घ्यायला फुरसत नाही. का?"

"सहज. तुझी सासू बसते ना पण गल्ल्यावर?"

"बसते! गिऱ्हाईकाने साबण मागितला तर मीठ देते."

ती हसली. पातेलं ठेवून गेली. दोन दिवसांनी आली ती केळीच्या पानातला चिकट भात घेऊन. इस्पितळात हल्ली कसे नियम झालेत, म्हणाली. तिसऱ्यांदा रिकाम्या हातांनी आली. पोटावर हात ठेवून बाकावर बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "जाते बाई."

तिला कळलं नाही कसं मागायचं ते. आमच्यात मागणाऱ्याचं तोंड लाजेने बंद होतं. देणाऱ्याने ओळखायचं असतं. मी ओळखलं नव्हतं असं म्हणायची सोय आहे, पण मी ओळखलं होतं. पोट वाढलं होतं, अंग वाळलं होतं. मी वेड पांघरून पेडगावला गेले. सण होऊन जाऊ दे, मग बघू, असं मनात म्हटलं.

रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो तेव्हा ती पिशवी घेऊन दारात आली.

"रोहासला निघालेय, मावसबहिणीकडे. घराकडे लक्ष ठेव."

"अगं, बस, दोन घास खा," सासू म्हणाली.

बसली. दोन घास खाऊन उठली, जीप चुकेल म्हणाली. जेवण चालू असताना कुणी प्रवासाला निघालं की बाकीच्यांनी आपापली ताटं फिरवायची, म्हणजे जाणारा सुखरूप परततो. सासू खेकसली, "फिरवा रे ताटं!" आम्ही सगळ्यांनी फिरवली. मीही फिरवलं, आणि पुढचा घास घेतला.

बुधवारी दुपारी तिच्या नंबरवरून फोन आला. आवाज दुसऱ्याच बाईचा.

"निम्फा तूच का? मी लुदिविना, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको. तिस्ता रडतेय. तू कधी येणार आहेस?"

सासूला गल्ल्यावर बसवून मी इस्पितळाची जीप धरली. वॉर्डात एका खाटेला दोन रोगी, खाली पुठ्ठ्यांवर त्यांची माणसं. तिस्ता कडेला बसली होती, पिशवी भरून. मला पाहून तिचा चेहरा असा उजळला की मला पळून जावंसं वाटलं. ती सगळ्या खाटांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ही बघा, आली माझी बांताय!"

लुदिविनाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "असं होय! म्हणजे तू आहेस ती. रविवारपासून ऐकतोय, 'बांताय जेवायला गेलीय, येईलच इतक्यात.' काय गं, तीन दिवस जेवतच होतीस?"

वॉर्ड हसला. तिस्ताही हसली. खाटेच्या पायाशी लटकवलेल्या कागदावर बांतायच्या रकान्यात माझं नाव होतं, तिच्या शाळकरी वळणदार अक्षरात.

त्या सकाळी तिचं पोट उघडायचं ठरलं होतं. रक्ताची बाटली आणायला बांताय लागते. नर्सबाईने तीनदा पुकारलं, "नुफाब्लेची बांताय!" तिसऱ्यांदा तिस्ता स्वतःच उठून उभी राहिली होती. "मीच आणते," म्हणाली. तिला परत निजवलं आणि तिची पाळी दुसऱ्याला दिली. पुढची तारीख सहा आठवड्यांनी.

"मनांग, मला सांगायचंस ना," मी म्हटलं. मला तिचा राग आला होता, खरंच. आपली चूक असली की राग किती पटकन येतो.

"सणाचे दिवस गं," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"

सहा आठवडे मी तिला जेवण पोचवलं. तारखेला दुकान बंद ठेवून बरोबर गेले. नाव पुकारलं की धावले, रक्त आणलं, रात्री पुठ्ठ्यावर झोपले. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. आधी आली असती तर, असं काही ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

फेब्रुवारीत ती गेली, भरदुपारी, घरातच. मी औषध आणायला गेले होते.

आमच्यात मेलेल्या माणसाला एकटं सोडत नाहीत, मातीत पुरेपर्यंत क्षणभरही नाही. गल्लीत ताडपत्री ताणली, टेबलं मांडली. मनोंग म्हणजे दादा. मनोंग बेनिंग, आमच्या वस्तीचा कप्तान, म्हणजे सरपंचच, त्याने पाळ्यांची यादी करून फणसाच्या खोडाला ठोकली. सकाळी कोण, दुपारी कोण, रात्री जागायला पत्ते कुठल्या टेबलावर. पाळीवरून भांडणंसुद्धा झाली. "माझ्या आईची बांताय होती ती, पहिला मान माझा!" पाच दिवस घर माणसांनी गच्च भरलेलं. कॉफीचं पातेलं उतरलं नाही. कॅनडाचा भाऊ फोनच्या पडद्यावर रडला आणि म्हणाला, "बरं झालं, तुम्ही सगळे आहात."

तिला चर्चच्या निळ्या झग्यात ठेवलं होतं. पेटीजवळच्या खुर्चीत बसलं की तिने कुशीला लावलेली चेन दिसायची. टाके बारीक, सरळ होते.

चौथ्या दिवशी दुपारी मनोंग बेनिंग माझ्या खुर्चीपाशी आला. "निम्फा, सकाळपासून बसलीयस. जा, जेवून ये. आम्ही आहोत ना इथे."

मी जेवायला उठले नाही.